योगिनींचं पोट

जबलपूरजवळ भेडाघाटला चौसष्ट योगिनींचं देऊळ आहे. दहाव्या शतकातलं, कलचुरींच्या काळातलं. नावात चौसष्ट, कोनाडे मात्र 81. त्या काळी बायकांच्या बाबतीत आकड्यांचा फारसा आग्रह नसावा. योगिनी भरल्या अंगाच्या, ऐसपैस बसलेल्या. मूर्तिभंजकांनी त्यांचे हात तोडले, नाकं फोडली. पण ‘पोट जरा आत घ्या’ म्हणण्याइतका क्रूरपणा त्यांनाही सुचला नाही.

खाली नर्मदेचे संगमरवरी कडे. 2001 च्या ‘अशोका’तलं करीना कपूरचं गाणं इथलंच. मग 2008 मध्ये ‘टशन’ आला, बाई ‘साईज झीरो’ झाल्या आणि पुरवण्यांनी तो झीरो घरोघर पोचवला. भारतानं जगाला शून्य दिलं म्हणतात; व्याजासकट परत आलं ते कंबरेच्या मापात.

गोरेपणाचीही प्रगती आहेच. 1975 साली आलेली ‘फेअर अँड लव्हली’ 2020 मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झाली. पंचेचाळीस वर्षांनी डबीवरचं एका शब्दाचं पाप धुतलं गेलं. वधू-वर मंडळांपर्यंत ही बातमी पोचायची आहे.

राणी दुर्गावती 1564 मध्ये मोगलांशी लढताना गेली. जबलपूरच्या विद्यापीठाला तिचंच नाव. तिथून एमएस्सी झालेल्या मुलीचं स्थळ सांगून पाहा.

“छान, छान. फोटो मात्र उभा पाठवा हं, फिल्टर न लावलेला.”