ओल धरलेल्या फरशीचा बंदोबस्त

स्वयंपाकघराच्या फरशीचे सांधे काळवंडू लागले, कडेने पांढरा लोणा फुटू लागला आणि ओट्यापाशी पाऊल पडताच खालून बद्द आवाज येऊ लागला, म्हणजे गृहस्थाने प्रथम काय करावे, याविषयी जाणत्यांत मतभेद असले तरी व्यवहारात बहुतेक गृहस्थ एकच गोष्ट करतात: ते दुकानात जाऊन नव्या टाइल्सचे नमुने पाहू लागतात. हा उतावीळपणा प्रस्तुत लेखकास सर्वथैव अमान्य आहे. या प्रकरणात फरशी ही वस्तुतः फिर्यादी होय. तिलाच आरोपी ठरवून घमेल्यातून हद्दपार करणे आणि खरा गुन्हेगार जो पाण्याचा झिरपा, त्याला भिंतीच्या पोटात मोकळा सोडणे, असा इन्साफ जुन्या जुलमी अमदानीतही क्वचितच झाला असेल.

यास्तव प्रथम तपास. पावसाळ्यात कोकणपट्टीत आणि मुंबईस हवेतील बाष्पच गार फरशीवर साचून तिला घाम फुटतो, तेव्हा आरोप हवेवर ठेवावा की नळावर, हे ठरविण्यासाठी फरशीचा हातभर भाग कोरडा पुसून त्यावर प्लॅस्टिकचा कागद चहूबाजूंनी चिकटवावा आणि एक अहोरात्र त्याकडे कोणासही फिरकू देऊ नये. कागदाच्या वरच्या अंगास थेंब दिसले तर हवा दोषी. खालच्या अंगास दिसले तर पाणी जमिनीतून येते आहे, असे समजून पुढील चौकशी चालवावी. ज्यांच्या नशिबी स्वतंत्र मीटर आहे त्यांनी घरातील यच्चयावत नळ बंद करून मीटरचा काटा निरखावा. तो तरीही फिरत असेल तर पाणी भरण्याची नळी फुटली आहे, आणि निश्चल असेल तर संशयाची सुई सिंकखालच्या सांडपाण्याच्या नळीकडे, तिच्या वळणाकडे आणि मोरीच्या जाळीखालील नहाणी ट्रॅपकडे वळते. सिंकमध्ये रंगीत पाणी ओतावे. ते कोठे उगवते हे पाहण्यासाठी मात्र खालच्या मजल्यावर जावे लागते, आणि येथून या शास्त्राचा खरा अवघड भाग सुरू होतो.

कारण खालच्या बिऱ्हाडकरूंना तुमच्या गळतीची वार्ता तुमच्या आधी लागलेली असते. त्यांच्या छतावर पडलेला तपकिरी डाग किती मासांपूर्वी रुपयाएवढा होता आणि कोणत्या सणास तो ताटाएवढा झाला, याची तपशीलवार कैफियत काका तुम्हास उभ्याने ऐकवितात, आणि काकू मध्येच चहा आणून तुमची पळवाट बंद करतात. अशा प्रसंगी वादविवाद न करता प्रथम चहा घ्यावा, नंतर डागाकडे पाहून योग्य तितका विषाद व्यक्त करावा, आणि मग छताच्या गिलाव्याचा व रंगाचा खर्च आपण सोसू असा तह तत्काळ करून टाकावा. खर्च अखेरीस तुमच्याच माथी येणार असल्यामुळे औदार्याचे श्रेय तरी गमावू नये. संस्थेच्या सेक्रेटरीकडे अर्ज करताना काम किती मुदतीत संपेल हे लिहावे लागते. तेथे मिस्त्रीने सांगितलेली मुदत न लिहिता तिची दुप्पट लिहावी. दुपारी ठोकाठोक करू नये आणि राबिट लिफ्टमधून नेऊ नये, ही कलमे कोणी न सांगताही पाळावीत.

स्वयंपाकघराचे स्थलांतर हा विषय घरातील स्त्रियांच्या अखत्यारीतील असून लोणच्याच्या बरण्या कोठे ठेवाव्यात याविषयी पुरुषाने मत देऊ नये.

आता नव्या फरशीची निवड. जुन्या घरांतील शहाबादी हा कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादचा, म्हणजे एके काळच्या निजामी मुलखातील दगड; कोटा राजस्थानचा. दोन्ही जातीने चुनखडीचे असल्यामुळे लिंबू, चिंच आणि विशेषतः ॲसिड यांच्याशी त्यांचे हाडवैर असते, आणि तरीही काम संपताच डाग काढण्याच्या मिषाने ॲसिडची बाटली उपडी करण्याची मिस्त्रीमंडळींची परंपरा अखंड चालू आहे. ती बाटली कामाच्या पहिल्याच दिवशी जप्त करावी. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहून अधिक पाणी पीत नाही, हे दुकानदार सांगतो ते खरे आहे. पण तो सांध्यांविषयी मौन पाळतो. झिरपा टाइलमधून उतरत नाही, सांध्यांतून उतरतो. तसेच आरशासारखी गुळगुळीत टाइल दिवाणखान्यास शोभते. जेथे तेल सांडते तेथे खरखरीत पृष्ठभागच घ्यावा.

जुनी फरशी निघाल्यावर, नळी बदलल्यावर आणि स्लॅब स्वच्छ झाल्यावर वॉटरप्रूफिंगचा लेप भिंतींवर वीतभर चढवून द्यावा. नंतर उंबऱ्याशी बांध घालून, ट्रॅपचे तोंड बुजवून, दोन बोटे पाणी दोन-तीन दिवस कोंडून ठेवावे. ही परीक्षा टाळण्याकडे मिस्त्रीचा कल असतो. “साहेब, पाणी काय, वाट काढतंच,” हे त्याचे तत्त्वज्ञान ऐकण्यास गंभीर असले तरी ते मजुरी चुकती करण्यापूर्वी मान्य करू नये. परीक्षेचा निकाल अर्थातच काकांकडून घ्यावा. पुढे ढाळ: शंभरास एक, म्हणजे दहा फुटांस सुमारे सव्वा इंच, आणि तो मोरीकडे असावा, दाराकडे नव्हे. मिस्त्री हा ढाळ एक डोळा मिटून पाहतो. आपण पाणसळ लावावी, आणि टाइल्स बसल्यावर तांब्याभर पाणी ओतून ते कोणत्या दिशेस प्रस्थान ठेवते याची खातरजमा करावी. प्रत्येक टाइल नाण्याने ठोकून पाहावी. बद्द वाजली तर तिच्याखाली माल भरलेला नाही, ती त्याच वेळी उचलावयास लावावी. यानंतर सिमेंट पक्के व्हावे म्हणून, ओलीपायी उखडलेल्या त्याच जागेला आठवडाभर हुकुमाने ओली ठेवावी लागते. यात विसंगती शोधणाऱ्या वडीलधाऱ्यांशी वाद घालू नये.

शेवटी, टाइल्सची एक पेटी जादा घेऊन माळ्यावर ठेवावी, ती कुंड्यांखाली मांडण्यास कोणासही देऊ नये, आणि खोक्यावर छापलेला छटेचा क्रमांक पावतीसह दप्तरी लावावा. नाव तेच असले तरी पुढच्या खेपेच्या मालाची छटा निराळी येते, आणि पाच वर्षांनी तर दुकानदारास ते नावही ओळखता येत नाही.