लुकणकाका

ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या मराठी घरांत गाणं येवो न येवो, माळ्यावर तंबोरा असतोच. आणि ज्या गल्लीत तंबोरा, त्या गल्लीत एक लुकणकाका. आमचे दाल बाजारात एका आडतीच्या वरच्या मजल्यावर राहतात. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक देवाधर्माला लागले, हे एपॉक्सीला लागले.

तंबोऱ्याला तडा गेल्याची बातमी त्यांना मालकाच्या आधी कळते. ‘सरस? छे हो! तो जुना जमाना. पाऊस पडला की सुटतो. आपण एकदा चिकटवलं की नातवंडांनी बघायचं नाही.’

तयारी बघण्यासारखी असते. तुणीच्या लाकडाचा भुसा काकूंच्या मैद्याच्या चाळणीतून तीनदा चाळतात. रेझिन आणि हार्डनर एकजीव झाल्याशिवाय भुसा घालायचा नाही, हा दंडक. मग चिमूट चिमूट भुसा घालत श्रीखंडाइतकं दाट करायचं. नुसतं पातळ लावलं तर लाकडाचा आडवा काप ते पिऊन टाकतो आणि सांधा उपाशी राहतो. म्हणून आधी पातळ हात, त्यावर दाट. शिकंजा फार आवळायचा नाही, नाहीतर सगळा माल बाहेर. काकांकडे शिकंजा नसतोच. खालच्या गोणीची सुतळी असते.

गिऱ्हाइकांपेक्षा त्यांचा खरा श्रोता खालचा सेठ. एकदा त्याने १८० ग्रॅमचं पाकीट उलटंपालटं करून वाचलं: रेझिन १०० ग्रॅम, हार्डनर ८०. उभा जन्म तूरडाळ तोलण्यात गेलेल्या माणसाचा जीव कळवळला.

‘काका, बीस ग्राम तो ये मार गया!’

‘सेठजी, ये माल नाप का है, तौल का नहीं. रेझिन भारी, हार्डनर हलका. चम्मच से नापो तो दोनों बराबर.’

सेठ गप्प झाला, पण पटलं नव्हतं. काट्यावर न चढणारा माल त्याच्या लेखी मालच नव्हता. त्याने भुशाऐवजी बेसन घालून बघायला सुचवलं तेव्हा मात्र काका दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

हवामानाशीही काकांचं वैर आहे. जानेवारीच्या थंडीत नळी पिळून पिळून अंगठा दुखतो, म्हणून ती गरम पाण्यात बुडवून ठेवतात. काकूंना वाटतं चहाचं आधण आहे. मे महिन्यात उलट. वाटीत जास्त कालवलेला माल स्वतःच्याच उष्णतेने तापतो, धूर सोडतो आणि काका पहिलं बोट फिरवायच्या आत वाटीसकट दगड होतो. काकूंच्या घरात वाट्यांचा सेट पूर्ण नाही, याचं कारण हेच.

काम वाईट नसतं, हे कबूल केलं पाहिजे. जिथे तुकडाच उडालाय, पोकळी भरायची आहे, तिथे हे दाट एपॉक्सी सरसापेक्षा सरस. सरसाला सांधा घट्ट बसलेला लागतो, त्याला फटी भरता येत नाहीत. पण काकांना थांबायचं कुठे ते कळत नाही. मिरजेचा कारागीर तबली, म्हणजे भोपळ्यावरचं लाकडी झाकण, सरसाने बसवतो, कारण पुढच्या कारागिराला ती वाफ देऊन, ऊब देऊन उघडता आली पाहिजे. काकांनी चिकटवलेली तबली उघडताना लाकूड फाटतं, सांधा तसाच. ‘बघा किती पक्कं!’ म्हणून काका त्याचाही अभिमान बाळगतात.

कळस मात्र खुंटीचा. एका घरची खुंटी घसरत होती. खडू लावून भागलं असतं. काकांनी ती भोकात दाट एपॉक्सी भरून कायमची बसवली. त्या घरात आता गवयाला विचारत नाहीत, ‘तुमची पट्टी कोणती?’ तंबोऱ्याची जी असेल ती गवयाची.

कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली ज्या शहरात गांधर्व महाविद्यालय काढलं, तिथे ही पाळी यावी! तेव्हा वाचकहो, माळ्यावरचा तंबोरा आज खाली काढा. भोपळ्याचा तुकडा उडाला असेल तर काकांना खुशाल बोलवा. तबली, घोडी नि खुंट्या मात्र कारागिराकडे न्या. आणि नेताना दाल बाजारातून जाऊ नका.