जामीनदार पाहिजे

विद्यार्जनासाठी समुद्र ओलांडू इच्छिणाऱ्या तरुणाने सर्वप्रथम आपण पाटोदा तालुक्यातच राहतो हे सिद्ध केले पाहिजे, ही अट ज्या प्रज्ञावंताच्या लेखणीतून उतरली त्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे. कारण बालाघाटाच्या ज्या पठारावर उगम पावलेल्या मांजरेला सुद्धा पुढे निघून जाण्याचीच घाई असते, आणि जेथून दिवाळी सरताच गावेच्या गावे बिऱ्हाड-बाजल्यासह ट्रकात चढून कोल्हापूर-सांगलीकडे अथवा थेट कर्नाटकात ऊसतोडीस रवाना होतात, त्या मुलखात एखादा इसम सलग राहतो हे विधान मुळातच संशयास्पद आहे. रहिवासाच्या दाखल्याने त्या संशयाचे निरसन होते. निरसनास ओटीपी लागतो, आणि ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो वडिलांबरोबर फडावर गेलेला असतो, हा तपशील गौण होय.

वर्तमानपत्रातील जाहिरात पाहून भारावलेल्या आमच्या होतकरू पदवीधरांसाठी योजनेचे स्वरूप थोडक्यात सांगणे इष्ट ठरेल. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालत आलेली असून सांप्रत तिच्या जागा १२५ आहेत: ११५ अनुसूचित जातींस, ६ विमुक्त व भटक्या जमातींस, आणि उरलेल्या ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांस. हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंतचे एकूण एक भूमिहीन, अधिक कुंभार, लोहार, विणकर, आणि सर्वांत मिळून चार! ही संख्या ठरविताना सरकारने फार बारकाईने विचार केला असावा, कारण तीन ठेवल्या असत्या तर कंजूषपणाचा आरोप आला असता.

त्या चारांत शिरण्यासाठी आपण भूमिहीन आहोत हे कागदोपत्री दाखवावे लागते, आणि येथे महसुली तत्त्वज्ञानाचा एक गहन प्रश्न उपस्थित होतो. ज्याच्या नावे जमीन आहे त्याला सातबाऱ्याचा उतारा घरबसल्या मिळतो, ज्याच्या नावे काहीच नाही त्याला मात्र त्या काहीच नसण्याचा दस्तऐवज मिळविण्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, आणि अव्वल कारकून चष्म्यावरून पाहत विचारतो, "पण नसल्याचा पुरावा काय?"

उत्पन्नाच्या दाखल्याची कथा याहून सुरस आहे. अर्जात पित्याचे उत्पन्न व मातेचे उत्पन्न असे दोन स्वतंत्र रकाने असतात, ही स्त्री-पुरुष समतेची दृष्टी स्तुत्यच आहे. परंतु मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एकच कोयता धरला जातो, आणि त्या कोयत्याला हंगामापूर्वी मिळते ती उचल. उचल हे उत्पन्न म्हणावे तर ती ऊस तोडून फेडायची असते. कर्ज म्हणावे तर वर्षभराची ज्वारी, थोरलीचे लग्न आणि धाकट्याची महाविद्यालयाची फी तिच्यातूनच भागलेली असते. कोयत्याच्या लाकडी मुठीकडील अर्धा भाग पित्याचा आणि पात्याकडील मातेचा असे मानून रकाने भरावेत, अशी आमची नम्र सूचना आहे. केंद्राचे अर्ज २०२२ साली १५ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात मागविले होते; म्हणजे मातापिता उसाच्या फडात आणि मुलगा त्यांच्या सहीसाठी एस.टी.त, असा योग जुळून आला होता.

जुन्या काळी या कामात शिस्त नव्हती. आमचा तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्याच दरबाराने १८९५ साली सरोजिनी चट्टोपाध्याय नामक सोळा वर्षांच्या मुलीस शिष्यवृत्ती देऊन विलायतेस पाठविले. ती पुढे सरोजिनी नायडू म्हणून प्रसिद्धीस आली. त्या खर्चात पाटोद्याच्या शेतसाऱ्याचे चार-दोन आणे असावेत असे मानून आम्ही आजही समाधान पावतो. बडोद्याचा कारभार तर याहूनही उतावळा. सयाजीराव महाराजांच्या सरकारने भीमराव रामजी आंबेडकर या तरुण पदवीधराशी ४ जून १९१३ रोजी करारनामा केला, दरमहा साडेअकरा पौंड तीन वर्षे देण्याचे व परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी घेण्याचे ठरविले, आणि जुलै संपण्यापूर्वी हा विद्यार्थी न्यूयॉर्कला पोहोचलाही. दोन महिनेसुद्धा नाहीत! एवढ्या अवधीत आमच्याकडे प्रकरणावर आवक क्रमांक पडतो, आणि तोही कारकून रजेवर नसल्यास.

अशा घाईचे दुष्परिणाम ठरलेले असतात. विषय कोणता घेणार याची नीट छाननी झाली नाही, आणि त्या विद्यार्थ्याने कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी प्राचीन भारतीय व्यापारावर प्रबंध लिहिला, मे १९१६ मध्ये भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला, आणि पुढे लंडनला जाऊन डी.एस्सी.साठी रुपयाच्याच प्रश्नाचा पिच्छा पुरविला. व्यापार भारताचा, जाती भारताच्या, रुपया भारताचा, आणि अभ्यास परमुलखात! हा अपव्यय सरकारच्या ध्यानात यावयास शतकाहून अधिक काळ लागला, तरी तो आला. २०२२ साली राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत दुरुस्ती होऊन भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वर्ज्य ठरले. साधने येथेच मुबलक असता त्यासाठी परदेशी कशास जावे, असा युक्तिवाद करण्यात आला. योजना अनुसूचित जातींच्या मुलांसाठी, आणि जातीचा अभ्यास तेवढा निषिद्ध. त्या नियमानुसार १९१३ च्या त्या अर्जदारास एक तर विषय बदलावा लागला असता अथवा बोट सोडून द्यावी लागली असती. आमच्या पदवीधराचा विचार ऊसतोड मजुरांच्या स्थलांतरावर संशोधन करण्याचा होता. त्यानेही बोध घेऊन आता ब्राझीलचा ऊस पसंत केला आहे.

विद्यापीठ मात्र जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशांत असावे लागते. आपण स्वतः ज्या महाविद्यालयातून आलो त्याचा क्रम कोणी विचारत नाही, ही त्यातल्या त्यात दयेची गोष्ट.

समजा, हे सर्व जुळले आणि निवड झाली. तरीही निवड होणे आणि पैसे मिळणे या दोन भिन्न अवस्था आहेत. २०२५ च्या जुलैत केंद्राच्या यादीत १०६ नावे होती आणि प्रारंभी तात्पुरती मंजुरीपत्रे गेली ४० जणांस. उरलेल्यांस निधीच्या उपलब्धतेनुसार पत्र मिळेल असे कळविण्यात आले. परदेशी विद्यापीठे सप्टेंबरात उघडतात आणि कोणाच्या निधीची वाट पाहत नाहीत. ब्रिटनच्या व्हिसासाठी निर्वाहाची रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. सरकारी प्रायोजकत्वाचे पत्र असल्यास या अटीतून सुटका होते खरी, परंतु तेच पत्र तर मार्गात असते. पैसा सलग २८ दिवस खात्यात पडून राहणे ही घटना आमच्या वाडीवस्तीवर अद्याप कोणाच्या पाहण्यात नाही. तरी धीर सोडू नये. आमच्या बीडला रेल्वे १९९५ साली मंजूर झाली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी ती खरोखरच स्थानकात आली. त्या मानाने शिष्यवृत्तीची पत्रे वाऱ्याच्या वेगाने धावतात.

या सर्वांवर कळस चढतो तो जामिनाचा. मुलगा परदेशी गेला आणि फिरून आलाच नाही तर सरकारने दाद कोणाकडे मागावी, या रास्त चिंतेपोटी त्याच्याकडून मुद्रांकावर करारनामा घेतात आणि सोबत ऐपतदार जामीनदार मागतात. येथे एकाच कचेरीस दोन परस्परविरुद्ध सत्ये प्रमाणित करावी लागतात: अर्जदार दरिद्री असल्याचे उत्पन्नाच्या दाखल्याने, आणि त्याच्यासाठी हमी देण्यास सिद्ध असलेला एखादा सोयरा सधन असल्याचे ऐपतीच्या दाखल्याने. ज्याच्या सोयऱ्यांत असा इसम आहे त्याला शिष्यवृत्तीची तितकीशी गरज नसते. ज्याला गरज आहे त्याच्या सोयऱ्यांत सर्वांत ऐपतदार माणूस म्हणजे मुकादम, आणि मुकादम हा उचलीच्या पोटी त्याच्या बापाचा आधीच जामीन घेऊन बसलेला असतो. गरजूंमधून गरज नसलेल्यांची निवड करण्याची याहून निर्दोष रीत आम्हांस ठाऊक नाही, आणि ती बदलावी अशी विनंती करून सरकारास तसदी देण्याचाही आमचा मानस नाही.

विनंती आहे ती वाचकांस. पाटोद्यात, बीडमध्ये किंवा आष्टी-शिरूरकडे ज्यांच्या नावे बागायती सातबारा आहे, पक्के घर आहे अथवा कायमची नोकरी आहे, आणि जे पतसंस्थेच्या कर्जाला मेव्हण्याचा जामीन राहताना कागद वाचण्याचेही कष्ट घेत नाहीत, त्यांनी यंदा एका अनोळखी मुलीच्या किंवा मुलाच्या करारनाम्यावर जामीनदार म्हणून सही करावी. येताना आधार कार्ड, दोन फोटो आणि ऐपतीचा दाखला आणावा; दाखल्यास वेळ लागतो, म्हणून अर्ज आजच टाकावा.