दोन्ही जावईबापूंस अनावृत पत्र

चि. ओव्हनराव आणि चि. इंडक्शनराव यांस,
मुक्काम ओट्याचा कोपरा, यावल.
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र उघडच लिहितो आहे, कारण तुमचे रुसवेफुगवे आता घरापुरते राहिले नाहीत. गल्लीतल्या चार घरी तुमचे भाऊबंद असेच तोंड फिरवून बसले आहेत.

इंडक्शनराव, आधी तुम्ही. आल्या दिवसापासून तुम्ही सोयरिक पाहायला बसलात. आईच्या लग्नातलं पितळी पातेलं नको, अ‍ॅल्युमिनियमचा कुकर नको, मांड्यांचं खापर तर नकोच नको. प्रत्येक वेळी टूं टूं करायचं आणि पाटीवर इंग्रजी ई दाखवून गप्प बसायचं. आम्ही तुम्हाला बिघडलेले समजलो. शेवटी नातवाने फ्रिजवरचं चुंबक काढून एकेका भांड्याच्या बुडाला लावून पाहिलं. चिकटलं ते तुमच्या पसंतीचं, पडलं ते नापास. स्टीलचीसुद्धा निम्मी पातेली पडली. तुमच्या काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्याचं चुंबकीय क्षेत्र लोखंडी बुडात विजेचे भोवरे फिरवतं आणि तापतं ते भांडंच, हे तेव्हा पुस्तिकेतून कळलं. आई मात्र एवढंच म्हणाली, “ज्याले खापर चालत नाई, त्याले घरात आनलं कोनं?”

मग मे महिन्यात भाजी अर्धी शिजली की तुम्ही डोळे मिटायला लागलात. तुम्हाला उलटं केलं, तर पंख्याच्या जाळीवर कणीक आणि फोडणीचं तेल यांचा चांगला जाड पापुद्रा बसलेला. वर आम्ही तुम्हाला भिंतीला चिकटवून ठेवलं होतं. बाहेर पंचेचाळीस अंश, आत कोंडलेला श्वास. जावई कशाला, रेडासुद्धा बसला असता. शिवाय स्वयंपाक झाला की वीज वाचवायला आम्ही पिन ताबडतोब उपटायचो. आतला पंखा नंतर दोन-तीन मिनिटं फिरतो तो स्वतःला थंड करायला, हे आमच्या काटकसरीला कुठे ठाऊक?

आता ओव्हनराव. तुमची तक्रार मोठी. बट्ट्या ठेवल्या, तास उलटला, वरून रंग नाही, आतून पीठ कच्चं. दिवा मधूनच विझायचा, म्हणून तुम्हाला दोन थपडा मारल्या, त्याबद्दल माफी. ठरवलेली उष्णता झाली की दिवा विझतो, उतरली की लागतो. ते तुमचं रोजचं काम. टायमरचं बटण शून्यावर असताना तुम्ही मुळीच चालू होत नाही आणि दुसरं बटण फक्त वरच्या रॉडवर ठेवलं तर खालून भाजत नाही, हेही आमचेच प्रताप.

तरी बट्ट्या कच्च्याच. मग वायरमन आला. तुम्ही चालू असताना त्याने मीटर लावलं: 230 व्होल्टऐवजी 180. सगळ्या गल्लीत कूलर लागलेले आणि तुम्ही आमच्या जुन्या कूलरच्या बारीक, दोन तारांच्या वायरवर. तो हसून म्हणाला, “भो, त्याच्यात काही खराबी नाई, तुह्या भिंतीतच दम नाई.” हिशोबही त्यानेच सांगितला. रॉडची ताकद व्होल्टच्या वर्गाने घटते. 1500 वॅटचा ओव्हन 180 व्होल्टला जेमतेम 900 वॅटचा उरतो. भुसावळजवळ दीपनगरला 500-500 मेगावॅटचे दोन संच रात्रंदिवस कोळसा जाळतात. तिथून निघालेली वीज कितीही दणकट असली, तरी शेवटचे दहा फूट आमच्या वायरचे होते.

बोर्डाकडे बोट दाखवून त्याने आणखी सुनावलं. तिथलं सॉकेट 6 अँपिअरचं. इंडक्शनराव 2000 वॅटवर चालले की जवळपास 9 अँपिअर ओढतात. म्हणून पिन काळी पडून प्लास्टिकचा वास येत होता. आणि ओव्हनराव, तुमच्या पत्र्याला हात लावला की ज्या झिणझिण्या यायच्या, त्याला कारण दोन पिनांचा जोड. तिसरी पिन बसेना म्हणून आम्ही अर्थिंगच वगळलं होतं. ही गंमत जिवावर बेतली असती. आता दोघांनाही जाड वायरचा, 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट दिला आहे आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओततो. केळीला ठिबक लावणाऱ्या माणसाला हे सांगावं लागलं, याची लाज वाटते.

तेव्हा तक्रार मागे. फक्त एक राहिलं. 2016 साली जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते ओव्हनराव, तुमच्या भरवशावर नव्हे. टोचायला विसरलेलं वांगं तुमच्या पोटात फुटलं आणि काचेवर बिया चिकटल्या, ती चूक आमची. पण टोचलेलंही नुसतंच मऊ झालं. कपाशीच्या काड्यांचा जाळ, वर काळं पडणारं साल आणि भरतात उतरणारा तो धूर, हे तुमच्या कुठल्याच बटणावर नाही.

म्हणून हिवाळ्यात भरताच्या दिवशी आम्ही शेतात, तुम्ही घरी. रुसू नका. जाताना दोघांच्याही पिना काढून ठेवू.

पंखा थांबल्यावर.

कळावे, लोभ असावा.

आपला,
(दोन पिनांचा जोड फेकून दिलेला) सासरा