बेअरिंगची नामावळी

त्र्यंबकेश्वरात पाऊल टाकलंत की पहिला प्रश्न येतो : गाव कोणतं, आडनाव काय? दोन्ही सांगितलीत की तीर्थोपाध्याय लाल कापडात बांधलेली नामावळी सोडतात आणि तुमच्या पणजोबांची सही तुमच्यापुढे ठेवतात. कुशावर्तापासून चार गल्ल्या सोडून राहणाऱ्या नानांकडेही अशी एक वही आहे. फक्त तिच्यात माणसं नाहीत, बेअरिंगं आहेत. कधी बसवलं, कोणत्या मशीनला दिलं, कधी गेलं आणि कशानं गेलं. नानांच्या मते बेअरिंगला नैसर्गिक मृत्यू क्वचितच येतो. बाकी सगळे खून.

सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्सला काढून नाना निवृत्त झाले, पण कान अजून ड्यूटीवर आहेत. रस्त्यानं पिठाची गिरणी लागली की थांबतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या अंगाला टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. गिरणीवाला पट्टा ओढायचा थांबतो, दळणवाल्या बायका बोलायच्या थांबतात. "मागचं. दिवाळीपर्यंत काढेल." असं म्हणून नाना पिठाची पिशवी न घेताच निघून जातात आणि घरी गेल्यावर काकूंचं ऐकून घेतात.

मी त्यांच्याकडे गेलो तो तिसरा श्रावणी सोमवार उलटल्यावर. त्याआधी ब्रह्मगिरीच्या फेरीची गर्दी, त्यामुळे रस्त्यावर चाक हलत नव्हतं. नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची लॉन्स आहेत. लॉन्स म्हणजे लग्नाची. गवत हे त्यातलं निमित्त, पण श्रावणात तेच निमित्त गुडघ्याएवढं वाढतं. ते कापायला आम्ही एक बसून चालवायचं मशीन जुनं घेतलं होतं. आमचा माळी त्याला गवताचा ट्रॅक्टर म्हणतो. पोटाखाली मोठी परात, परातीत तीन पाती, प्रत्येक पात्याला एक स्पिंडल आणि प्रत्येक स्पिंडलला वर एक, खाली एक अशी दोन बेअरिंगं. मधल्या स्पिंडलची बेअरिंगं महिन्यात तीनदा गेली होती. पहिल्यांदा स्वस्तातली आणली, मग मधली, मग एकदम परदेशी नावाची. तिन्ही सारख्याच इमानानं आठवड्यात ओरडायला लागली.

"नाना, स्पिंडलचं बेअरिंग गेलंय."

"नंबर?"

"तो... बघायला पाहिजे."

वडिलांचं नाव विसरलेल्या मुलाकडे पाहावं तसं नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिशातून गेलेलं बेअरिंग काढलं. "6204," त्यांनी चष्मा न लावताच वाचलं. "शेवटचे दोन आकडे घे, पाचानं गुण. झाले वीस. म्हणजे भोक वीस मिलीमीटरचं. 6205 चं पंचवीस."

"म्हणजे 6203 चं पंधरा," मी हुशारी दाखवली.

"सतरा. चारच्या खाली हा हिशेब चालत नाही. प्रत्येक घराण्यात असले असतात."

मग कुळ झाल्यावर उपशाखा. 2आरएस म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी सील. झेडझेड म्हणजे पत्र्याची झाकणं. "आपल्याकडचा पाऊस, त्यात ओलं गवत. पत्रा धूळ अडवतो, पाणी नाही. मोअरला रबरच घालायचं." शिवाय मशीन धुताना नळीचा फवारा थेट स्पिंडलवर मारायचा नाही, कारण सील पावसाला पुरतं, माळ्याच्या उत्साहाला पुरत नाही.

नवीन बेअरिंग आणायला नानांबरोबर दुकानात जाणं हा वेगळा सोहळा. दुकानदारानं बोटावर घेऊन भिर्रर्र फिरवून दाखवलं. नानांचा चेहरा पडला. "भिंगरी घ्यायला आलोय का? सीलवालं, ग्रीस भरलेलं बेअरिंग जडच फिरणार. जे असं वाऱ्यावर फिरतं त्याच्या पोटात काही नाही." पुढे खोक्यावरचं इंग्रजी दोनदा वाचलं, कड्यावरचा छाप नखानं खरवडून पाहिला आणि चौथ्या दुकानातलं घेतलं. पाचव्यातही गेले, ते फक्त चौथ्यातलं बरोबर होतं याची खात्री करायला.

पातंही नवं घालायचं होतं, त्यावरून माळ्याशी वाजलं. माळ्याचं म्हणणं, ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून लोहार झकास पातं काढून देतो, आमचे सगळे कोयते तसलेच. यात खोटं काही नव्हतं. नाना त्याला म्हणाले, "कोयता तुझ्या हातात असतो. हे पातं अठरा इंची, मिनिटाला तीन हजार फेरे. टोकाचा वेग काढ." माळ्यानं काढला नाही, म्हणून नानांनीच सिमेंटच्या पोत्यावर खडूनं काढला : तासाला अडीचशे किलोमीटरच्या वर. "वंदे भारतच्या दीडपट. भट्टीत लाल करून ठोकलेल्या पात्याला पाणी कमी बसलं तर ते वाकेल, जास्त बसलं तर आपल्या काळ्या दगडावर फुटेल. आणि त्या वेळी वऱ्हाडी कुठे बसलेत ते बघून फुटणार नाही." ब्लेड कंपनीचंच आलं.

आल्यावर नानांनी ते मधल्या भोकातून भिंतीच्या खिळ्यावर अडकवलं. एक बाजू खाली गेली. नाना जड बाजूला कानस मारायचे, परत अडकवायचे, परत मारायचे. मी म्हणालो, "नाना, दहा ग्रॅमचा फरक असेल." त्यांनी पुन्हा खडू उचलला. टोकाला दहा ग्रॅम जास्त म्हणजे फिरताना बेअरिंगला तेवीस किलोचा हिसका, सेकंदाला पन्नास वेळा. मी खडू खाली ठेवायची विनंती केली. धार मात्र विळ्यासारखी लावू दिली नाही; फार पातळ कड पहिल्याच खड्याला दुमडते.

बसवायच्या दिवशी बेअरिंगं रात्रभर नानांच्या फ्रीजरमध्ये होती. "मटाराशेजारी," काकू मला दारातच म्हणाल्या. "काल रात्री पाहुण्यांसाठी काढायला गेले तर हातात हे." गार केलेलं बेअरिंग अंगानं किंचित आखडतं, स्पिंडलचं घर तापवून ठेवलं की ते हातानं आत सरकतं. माळ्यानं सवयीनं हातोडा उचलला होता, तो नानांनी हळूच काढून घेतला. "बाहेरचं कडं घरात बसवायचं तर बाहेरच्याच कड्यावर दाब. आतल्यावर ठोकलंस की मार गोळ्यांतून जातो, खाचा पडतात, मग ते पहिल्या दिवसापासून रडतं."

वरचं बसलं. खालचं हातात घेतलं आणि नाना थांबले. स्पिंडलमध्ये बोट घातलं, फिरवलं, बाहेर काढलं.

"मधली नळी कुठाय?"

"कसली नळी?"

"दोन बेअरिंगांच्या मध्ये असते. नट आवळला की आतली दोन्ही कडी तिच्यावर टेकतात. ती नसली तर एकमेकांकडे ओढली जातात आणि गोळ्या चिरडतात. कितीही महागाची आण." नाना माळ्याकडे वळले. "पहिल्यांदा कोणी खोललं होतं?"

माळी काहीच बोलला नाही. त्यानं फक्त मशीनच्या शेडच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे त्र्यंबकराजाची तसबीर, झेंडूचा हार आणि पुढे वीतभर लोखंडी नळी उभी, तांदूळ भरलेली, त्यात सकाळची अर्धी जळलेली अगरबत्ती.

"जास्तीची वाटली," तो म्हणाला.

नानांनी आधी तसबिरीला नमस्कार केला, मग नळी उचलली. तांदूळ चिमण्यांना टाकले, राख पुसली, कॅलिपर लावला आणि मान हलवली. संध्याकाळी मशीन चालू झालं. स्क्रूड्रायव्हर कानाला लावून नाना बराच वेळ उकिडवे बसले होते. उठले ते माळ्याच्या हातात जुनं बेअरिंग ठेवायला. सील काढलेलं, डिझेलनं धुतलेलं. "फटी आहेत. त्यात काड्या खोच."

जाण्यापूर्वी पायरीवर बसून त्यांनी वही उघडली. मी खांद्यावरून डोकावलो. 6204, तीन जोड्या, मधलं स्पिंडल. मृत्यूचं कारण : अगरबत्ती.