पिनेच्या टोकावरचं स्वराज्य

नव्या फोनच्या खोक्यातून गेल्या काही वर्षांत एकेक वस्तू बेपत्ता होत गेली. २०२० मध्ये ॲपलने चार्जर आणि इअरफोन दोन्ही काढून टाकले. त्यावर टिंगल करणाऱ्या सॅमसंगनेही काही महिन्यांतच तोच कित्ता गिरवला. आता खोकं उघडलं की फोन, एक केबल, बावीस भाषांत छापलेली आणि एकाही भाषेत कुणी न वाचलेली पुस्तिका, आणि पुठ्ठ्यात खोचलेली एक बारीक तारेची पिन, एवढाच ऐवज निघतो. या पिनेचं घरातलं आयुष्य साधारण एका संध्याकाळपुरतं असतं. पुढच्या वेळी सिम काढायची पाळी येते तेव्हा स्टेपलरची पिन सरळ केली जाते, कानातल्याची तार मागितली जाते, शिवणाच्या डब्यातली सुई येते, आणि घरातला सर्वांत आत्मविश्वासू माणूस चष्मा कपाळावर सरकवून ती नेमकी माइकच्या भोकात खुपसतो. हा सगळा खटाटोप हास्यास्पद दिसतो हे कबूल. तरीही माझं म्हणणं असं आहे की फोन नावाच्या व्यवहारात सामान्य माणसाला कुणाचीही परवानगी न घेता करता येण्यासारखी हीच एक गोष्ट उरली आहे. जुन्या फोनमधून सिम काढायचं आणि नव्यात घालायचं. अर्ज नाही, ओटीपी नाही, ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ नाही.

हे स्वातंत्र्य कुणी आपल्यावर मेहेरबानी म्हणून दिलेलं नाही, ते त्या तंत्राच्या मुळातच आहे. जीएसएम या मोबाइल तंत्राची आखणी करणाऱ्या युरोपीय अभियंत्यांनी ग्राहक आणि यंत्र अशी सरळ फाळणी केली. यंत्र कुणाचंही असो, ग्राहकाची ओळख वेगळ्या कार्डावर. म्युनिकच्या गिझेके अँड डेव्ह्रिएंट या कंपनीने १९९१ मध्ये असं पहिलं सिम बनवलं आणि पहिली तीनशे कार्डं फिनलंडच्या रेडिओलिन्या कंपनीला विकली. ते कार्ड एटीएम कार्डाएवढं होतं आणि तसंच्या तसं फोनमध्ये सरकवायचं होतं, यावरून तेव्हाच्या फोनचा देह लक्षात यावा. पुढे फोन रोडावले तसं सिमही झडत गेलं. आजचं नॅनो सिम १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचं, म्हणजे करंगळीच्या नखाशी स्पर्धा करणारं. गंमत म्हणजे १९९१ चा तो मूळ आकार अजून गेलेला नाही. दुकानदार आपल्यासमोर ज्या मोठ्या प्लास्टिकच्या कार्डातून इवलंसं सिम मोडून काढतो आणि उरलेली चौकट आपण जपून ठेवतो (कशासाठी, हे कुणालाच सांगता येत नाही), ती चौकट म्हणजे पहिल्या सिमचं माप.

त्या नखाएवढ्या तुकड्यात काय असतं, हे एकदा नीट पाहिलं पाहिजे, कारण माझा सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे. त्यात पंधरापर्यंत आकड्यांचा एक क्रमांक असतो. भारतातल्या कार्डावर त्याचे पहिले तीन आकडे ४०४ किंवा ४०५. त्याशिवाय एक गुप्त किल्ली असते. तिची जोड कंपनीच्या यंत्रणेत ठेवलेली असते आणि ती स्वतः कार्डाबाहेर कधीच पडत नाही. फोन सुरू झाला की नेटवर्क एक मनाला येईल तो आकडा पाठवतं, कार्ड आपल्या किल्लीने त्याचं उत्तर काढतं, कंपनी तेच गणित आपल्याकडे करते आणि दोन्ही उत्तरं जुळली की कोपऱ्यात रेंजच्या काड्या उभ्या राहतात. लाख रुपयांचा फोन या परीक्षेत फक्त प्रश्नपत्रिका आणतो आणि उत्तरपत्रिका नेतो. परीक्षेला बसतं ते कार्ड. म्हणूनच तेच कार्ड पंधराशे रुपयांच्या बटणवाल्या फोनमध्ये घातलं तरी त्याच दिमाखात पास होतं.

याउलट व्यवस्था कशी असते तेही महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सने पाचशे एक रुपयांत फोन हाती दिला आणि ज्यांनी तोवर मोबाइल फक्त साहेबांच्या कमरेला पाहिला होता त्यांच्या खिशात तो वाजू लागला. त्या योजनेचं ऋण नाकारायचं कारण नाही. पण ते सीडीएमए तंत्र होतं आणि त्या काळातल्या बहुतेक हँडसेटमध्ये सिम हा प्रकारच नव्हता. नंबर यंत्रातच भरलेला. यंत्र बिघडलं तर नंबर आत अडकला, यंत्र बदलायचं तर कंपनीच्या दारात. मित्राचा फोन आवडला म्हणून आपला नंबर त्यात घालून पाहावा, ही चैन त्या ग्राहकाला नव्हती. भाडेकरूला घर बदलायचं असेल तर नवं घरही जुन्या मालकाकडूनच घ्यायचं, अशातला तो प्रकार होता.

अमेरिकेने तर यात कमालच केली. तिथे कार्ड निघत होतं, पण फोनच असा कुलूपबंद विकायचा की दुसऱ्या कंपनीचं कार्ड आत गेलं तरी तो ओळख दाखवणार नाही. २००७ मधला पहिला आयफोन फक्त एटीअँडटी या कंपनीसाठी होता. आयफोन भारतात रीतसर यायला २००८ चा ऑगस्ट उजाडला, पण तोवर सुट्टीवर आलेल्या भाच्यांच्या बॅगांतून तो येऊन पोचलाच होता. आत्याने मोठ्या हौसेने त्यात आपलं सिम घालावं आणि फोनने तिला परकी ठरवावं, मग लॅमिंग्टन रोडच्या एखाद्या काउंटरवर त्याची समजूत घालायला न्यावं, हा तेव्हाचा रिवाज. स्वतः पैसे मोजून घेतलेल्या फोनचं कुलूप उघडणं गुन्हा आहे की नाही, हे त्या देशात ठरवतं कोण? काँग्रेसच्या ग्रंथालयाचे ग्रंथपाल! स्वामित्वहक्काच्या कायद्यात सवलती द्यायचा अधिकार त्यांच्याकडे आहे आणि त्यांनी सवलत न वाढवल्यामुळे जानेवारी २०१३ पासून नव्या फोनचं कुलूप कंपनीला न विचारता उघडणं बेकायदा झालं. लोकांनी ओरड केली, लाखाहून अधिक सह्या व्हाइट हाउसकडे गेल्या, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये खास कायदा करून ते निस्तरावं लागलं. ब्रिटनने कुलूपबंद फोन विकायला बंदी घातली ती २०२१ च्या अखेरीस. आपल्याकडे फोन बहुतांशी पहिल्यापासून मोकळेच विकले गेले. त्यामुळे जाहिरातीतलं ‘अनलॉक्ड’ आपल्याला ‘शुद्ध शाकाहारी गाजर’ यासारखं वाटतं. जी गोष्ट तिकडे सह्या गोळा करून मिळवली, ती आपल्याला फुकटात मिळाली आणि म्हणून तिची किंमत कळली नाही.

इथे व्यवहारी वाचक मला थांबवणार. म्हणणार, कसलं स्वातंत्र्य घेऊन बसलात? सिम दोन मिनिटांत बदलतं, पण खरं आयुष्य त्यात कुठे असतं? हा आक्षेप खरा आहे. एके काळी सिमवर निदान नातेवाईक तरी राहायचे. साधारण अडीचशे नावं, तीही आखूड. त्यामुळे फोनबुकात ‘सुरेश प्लंबर न’ असा एक इसम असायचा आणि तो नवा की नको हे नळ गळू लागल्यावरच कळायचं. आज नावं गुगलच्या खात्यात असतात, काही सिमवरही उरलेली असतात, आणि नव्या फोनने दोन्हीकडून माणसं गोळा केली की प्रत्येक मावशी दोनदा दिसते. व्हॉट्सॲपवरच्या गप्पा वेगळ्या न्याव्या लागतात. यूपीआयवालं ॲप तर नव्या फोनला संशयित म्हणूनच वागवतं. तुमच्याच सिमवरून तुमच्याच नावाने एक गुप्त एसएमएस पाठवून घेतं, आणि त्यानंतरही पहिला दिवसभर मोठी रक्कम हलवू देत नाही. भाजीवाल्याचे चाळीस रुपये चालतील, फोनवाल्याचे चाळीस हजार उद्या. बँकेचं ॲप त्याहून शहाणं. पण यातलं एकही कुलूप कार्डाने घातलेलं नाही. ज्यांनी ज्यांनी आपल्या नंबराला कुलूप अडकवलं, ती बँक, तो गॅस, तो आधार, त्यांची ती करणी. कार्ड आपलं काम करून मोकळं होतं. पिन टोचली, ट्रे बाहेर आला, कापलेला कोपरा जुळवला, ट्रे आत गेला, आणि अर्ध्या मिनिटात घरून फोन आला की ‘येताना कोथिंबीर आण.’ माणूस जगाला पुन्हा सापडतो, एवढं पुष्कळ नाही का?

शिवाय याच कार्डाऐवजी कंपनीकडून नवं कार्ड घेऊन पाहा म्हणजे फरक कळेल. मायक्रो सिमचं नॅनो करायला पूर्वी कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे स्टेपलरसारखा एक कटर असायचा. खटकन आवाज, दहा-वीस रुपये, काम फत्ते. (उलट दिशेने जाणाऱ्यांसाठी प्लास्टिकचा ॲडॅप्टर होता. तो फोनमध्ये जायचा सहज आणि निघायचा फक्त दुरुस्तीच्या बिलासकट.) आता रीतसर बदली करायची तर कंपनीच्या गॅलरीत जा, आधार दाखवा, कॅमेऱ्यासमोर मान सरळ धरा, मग नवं कार्ड मिळणार. दूरसंचार खात्याच्या २०२२ च्या आदेशामुळे त्या बदललेल्या कार्डावर पहिले चोवीस तास एसएमएस बंद, म्हणजे ओटीपी बंद, म्हणजे आजच्या हिशेबाने माणूस एक दिवस सुतकात. दुसऱ्या कंपनीत नंबर न्यायचा विचार असेल तर जुलै २०२४ पासून सिमच्या बदलीनंतर सात दिवस थांबा. जुनंच कार्ड पिनेने काढून नव्या फोनमध्ये घालणाऱ्याला यातलं काहीही लागू नाही.

यावर दुसरा आक्षेप येतो तो सुरक्षिततेचा. हे निर्बंध उगाच नाहीत, लोकांची खाती साफ झाली आहेत म्हणून आले. अगदी बरोबर. पण चोरी होते कुठे ते पाहा. सिम स्वॅप नावाच्या फसवणुकीत चोर तुमच्या फोनला हातही लावत नाही. तो खोटी कागदपत्रं घेऊन रीतसर खिडकीवर जातो, रीतसर अर्ज करतो, रीतसर दुसरं सिम घेतो, आणि तुमच्या खिशातलं खरं कार्ड त्या क्षणी मुकं होतं. परवानगीच्या मार्गाने चोर येतो म्हणून त्या मार्गावर चोवीस तासांचं फाटक बसवलं हे योग्यच झालं. त्याचा दोष बिनपरवानगीच्या पिनेवर मात्र टाकू नये. फोन मारणारा भुरटा सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालू शकतो, हे खरं. त्यावरचा इलाज पहिल्यापासून कार्डातच आहे. सिमला स्वतःचा पिन क्रमांक लावता येतो. तीनदा चुकला तर कार्ड बंद, मग पीयूके लागतो, आणि तोही दहा वेळा चुकला की कार्ड कायमचं स्वर्गवासी. आपण तो लावत नाही, कारण लावला तर विसरू अशी आपल्याला खात्री असते. ही भीती रास्त आहे, पण ती कार्डाची उणीव नव्हे.

उरला ईसिमचा प्रश्न, आणि इथे प्रकरण खरोखर गंभीर होतं. ईसिम म्हणजे कार्ड फोनच्या पोटातच कायमचं बसवलेलं आणि आपली ओळख त्यात वरून उतरवलेली. त्याचे फायदे आहेत. ते हरवत नाही, चोराला काढून फेकता येत नाही, परदेशात उतरल्या उतरल्या तिथलं कनेक्शन विमानतळावरच घेता येतं. पण फोन बदलताना काय होतं? कंपनीला कळवा, संमती द्या, ईमेलवर क्यूआर कोड येईल तो नव्या फोनने टिपा. ईमेल नव्याच फोनवर उघडला असेल तर फोनने स्वतःच्या पडद्याचा फोटो कसा काढायचा हा प्रश्न पडतो आणि शेजारच्यांची दारावरची बेल वाजते. हे झालं जुना फोन जिवंत असताना. तो चुलीशेजारच्या डाळीत पडून मेला असेल तर? नंबर हलवायला ओटीपी लागतो आणि ओटीपी त्याच नंबरावर जातो. नेहमीचं सिम असतं तर पुसून, वाळवून, कपाटातल्या बटणवाल्या फोनमध्ये घालून रात्रीच्या रात्री डॉक्टरांना फोन लागला असता. त्या बटणवाल्या फोनमध्ये ईसिम उतरवून दाखवा.

हे घाबरवायला रचलेलं नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला २०२२ पासून सिमची खाचच नाही. म्हणजे भाचा यंदाही फोन आणतो, तो आता कुलूपबंद नसतोही, पण आत्या हातात सिम घेऊन त्याच्या चारी कडा चाचपत बसते. त्या पहिल्या फोनने तिचं कार्ड नाकारलं होतं, निदान घेऊन तरी पाहिलं होतं. ईसिम नको असं माझं म्हणणं नाही. ज्याला हवं त्याने घ्यावं, पण शेजारी खाच राहू द्यावी. आत जागा वाचते, पाणी शिरत नाही, असं कंपन्या सांगतात. खाच असलेले फोनही रबराच्या इवल्याशा कडीवर पाण्यात तग धरून राहिले आहेत, आणि वाचलेल्या जागेचं भाडं अजून कुठल्या ग्राहकाला मिळालेलं नाही. तेव्हा पुढचा फोन दाखवताना दुकानातला मुलगा ‘सर, याला सिम ट्रेच नाही, एकदम प्रीमियम’ असं अभिमानाने सांगू लागला, तर मग याची किंमत कमी का नाही, हे त्याला तिथल्या तिथे विचारावं. आणि तो मॅनेजरला बोलवायला आत जाईल, तेवढ्यात शेजारच्या कपाटातला ट्रेवाला फोन पाहून घ्यावा.