एजन्सी मिसेसच्या नावावर

विमा कंपनीच्या तालुका शाखेचा वार्षिक मेळावा होता. वर्षभरात सर्वाधिक नवीन पॉलिसी आणल्याबद्दल सौ. वहिनींचं नाव पुकारलं गेलं आणि टाळ्यांच्या कडकडाटात व्यासपीठावर भाऊसाहेब चढले. शाल त्यांनी पांघरली, नारळ त्यांनी घेतला आणि ट्रॉफीवरचं ‘सौ.’ कॅमेऱ्यात नीट येईल असं धरून फोटोही त्यांनीच काढून घेतला. वहिनी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. सभागृहात कुणालाही काही चुकल्यासारखं वाटलं नाही. पुढच्या चार पुरस्कारांनाही चार सौभाग्यवतींची नावं पुकारली गेली आणि चार मिश्यावाले उठले.

भाऊसाहेब तालुक्याच्या कचेरीत आहेत. टेबलाला दोन ड्रॉवर. वरच्यात लोकांचे अर्ज, खालच्यात कंपनीचे प्रपोजल फॉर्म. माणूस उत्पन्नाच्या दाखल्यासाठी येतो. भाऊसाहेब चष्म्यावरून बघतात, मुलंबाळं किती ते विचारतात, माणसाचा काही भरवसा नसतो असं म्हणतात आणि खालचा ड्रॉवर उघडतात. दाखला लगेच मिळेल असं ते कधी बोलत नाहीत. मिळणार नाही असंही बोलत नाहीत. तीन ठिकाणी सह्या करून माणूस बाहेर पडतो. त्यातली एक दाखल्यासाठी होती, एवढं त्याला नक्की माहीत असतं.

भाऊसाहेबांकडे मात्र लायसन नाही. लायसन वहिनींकडे आहे. खरं तर लायसन ही भानगडच आता उरलेली नाही. २०१५ च्या दुरुस्तीने सरकारी परवाना गेला आणि २०१६ पासून विमा कंपनीच एजंटची थेट नेमणूक करते. पण गावात अजून सगळे लायसनच म्हणतात. त्यासाठी वहिनींनी दहावीचं सर्टिफिकेट शोधून काढलं, पॅनकार्ड काढलं, फॉर्म आय-ए भरला आणि पंचवीस तासांचं प्रशिक्षण घेतलं. हे प्रशिक्षण पूर्वी शंभर तासांचं होतं. मग पन्नास झालं, आता पंचवीस आहे. या वेगाने काही वर्षांत ते चहा-बिस्किटांसह अर्ध्या दिवसात उरकेल. त्यानंतर आयसी-३८ नावाची परीक्षा. पन्नास प्रश्न, एक तास, प्रत्येकी चार पर्याय, चुकलं तर गुण कापत नाहीत आणि पास व्हायला पस्तीस टक्के, म्हणजे अठरा. डोळे मिटून ठोकले तरी सरासरीने बारा-तेरा बरोबर येतात. विम्याचं ज्ञान लागतं ते उरलेल्या पाच-सहा प्रश्नांपुरतं. केंद्रावर ओळखपत्र आणि फोटो तपासतात, म्हणून ही एकच गोष्ट भाऊसाहेबांना वहिनींच्या वतीने करता आली नाही. वहिनींनी रात्री भांडी आवरून अभ्यास केला आणि एकोणचाळीस मिळवले. सूट देण्यास मनाई करणारं कलम ४१, त्याला दहा लाखांपर्यंत दंड, सगळं बरोबर आलं. निकालाच्या दिवशी पेढे वाटले गेले आणि त्यांची विमा व्यवसायातली कारकीर्द तिथेच संपली.

आता नियमांचं. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९. त्यातला सोळावा नियम सरकारी नोकराला खासगी धंदा करू देत नाही, हे शिपायालाही ठाऊक आहे. पण त्याखालचं स्पष्टीकरण वाचण्यासारखं आहे. पत्नीच्या विमा एजन्सीसाठी सरकारी नोकराने गिऱ्हाईक गोळा करणं हाही नियमभंगच, असं तिथे लिहिलेलं आहे. विमा एजन्सी, आणि तीही पत्नीची! पत्नीच्या किराणा दुकानाचा, शिवणक्लासचा किंवा पापड-कुरडयांचा तिथे नावानिशी उल्लेख नाही. इतक्या वर्षांपूर्वी कुणा अधिकाऱ्याने मसुदा लिहायला घेतला, खिडकीबाहेर पाहिलं आणि त्याला साक्षात भाऊसाहेब दिसले असणार. केंद्र सरकारच्या १९६४ च्या नियमांतही कुटुंबीयांच्या विमा एजन्सीसाठी अशीच मनाई आहे, म्हणजे दिल्लीच्या खिडकीतूनही तेच दिसत होतं. रोगाचं निदान इतकं अचूक झालं, रोग्याचं नातं, धंदा, सगळं नोंदलं गेलं आणि रोगी दर वर्षी शाल पांघरून फोटो काढतो आहे. वरिष्ठांनी कारवाई का केली नाही, असा प्रश्न कुणाला पडेल. वरिष्ठांची पॉलिसी वहिनींच्याच कोडवर आहे.

बरं, विमा कायदा काय म्हणतो? नेमणूक नसताना एजंटगिरी केल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड. तीस हजारांच्या वार्षिक हप्त्यावर पहिल्या वर्षी पस्तीस टक्के कमिशन धरलं तर साडेदहा हजार होतात. म्हणजे एका पॉलिसीत दंड भरून वर पाचशे रुपये उरतात, आणि भाऊसाहेब आठवड्याला एक पॉलिसी करतात. वर दंड अजून कुणी मागितलेलाही नाही. अशा माणसाला नेमणाऱ्या कंपनीला एक कोटीपर्यंत दंड आहे, पण कंपनीने नेमलं ते वहिनींना. वहिनी अल्पवयीन नाहीत, वेडसर नाहीत, अफरातफरीत त्यांना शिक्षा झालेली नाही. कायद्याने एजंट होण्यास अपात्र ठरवलेल्यांची यादी बरीच सविस्तर आहे. भाऊसाहेबांशी लग्न झालेलं असणं त्या यादीत नाही.

सगळ्यात भारी कागद म्हणजे एजंटचा गोपनीय अहवाल. प्रत्येक प्रस्तावासोबत एजंटने कंपनीला गुपचूप कळवायचं असतं की, हा माणूस आपल्या ओळखीचा आहे का, किती वर्षांपासून, त्याची तब्येत कशी दिसते, उत्पन्न किती, विमा घेण्यामागे काही वेगळा हेतू तर नाही. पॉलिसी द्यायची की नाही हे ठरवताना कंपनी या डोळ्यांवर विसंबते. ते डोळे त्या वेळी स्वयंपाकघरात कांदा चिरत असतात. भाऊसाहेब रात्री फॉर्मचा गठ्ठा घरी आणतात आणि वहिनी जेवणानंतर ओळीने सह्या करतात. कचेरीत पहिल्यांदाच आलेल्या माणसाला त्या ‘पाच वर्षांपासून’ ओळखतात. शेजारच्या तालुक्यातल्या ट्रॅक्टरवाल्याला पाच वर्षांपासून, बदलून आलेल्या मास्तरांना पाच वर्षांपासून. एकदा चुकून भाऊसाहेबांच्याच सख्ख्या भावाचा फॉर्म गठ्ठ्यात आला, त्यालाही पाच वर्षांपासून. वहिनी फारशा बाहेर पडत नाहीत, पण कागदोपत्री त्यांच्याइतका जनसंपर्क तालुक्याच्या आमदारालाही साधलेला नाही. सगळे त्यांना निरोगी दिसतात, सगळ्यांचं उत्पन्न पुरेसं असतं आणि कुणाच्याही मनात वेगळा हेतू नसतो. मानवजातीबद्दल इतकं चांगलं मत बाळगणारी दुसरी बाई सापडायची नाही. उद्या कुणी त्यांच्यापुढे दहा पॉलिसीधारक उभे केले, तर दहातला एक त्या ओळखतील: दीर.

इथपर्यंत हसता येतं. पण त्याच फॉर्ममध्ये ‘मधुमेह आहे का’ असा एक प्रश्न असतो. गिऱ्हाईक सांगतं, साखर आहे, गोळी चालू आहे. भाऊसाहेब ‘नाही’वर टिक करतात. कशाला उगाच मेडिकलचा घोळ, केस लांबते. पॉलिसीचा बाँडही ते स्वतःकडेच ठेवून घेतात, तुमच्याकडून हरवेल म्हणून. पॉलिसी पटली नाही तर परत करायला मिळणारे तीस दिवस अशा रीतीने कपाटात जातात. दुसऱ्या वर्षी माणूस जातो. कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांच्या आत कंपनीला माहिती दडवल्याचा मुद्दा काढता येतो आणि कंपनी तो काढते. दवाखान्याचे कागद मागवते, साखर सापडते, दावा नामंजूर. त्याची बायको कचेरीत येते. भाऊसाहेब म्हणतात, मी कुठे एजंट आहे, बाई? आणि कागद बघितला तर खरंच नाहीत! एजंट म्हणून एका बाईचं नाव, खाली वळणदार सही. वारसाला दावा मिळवून देण्यात मदत करणं हे एजंटचं कर्तव्य आहे, हे वहिनींना परीक्षेत आलं होतं, त्याचा गुणही त्यांना मिळाला होता. दारात आलेल्या बाईला त्या पाणी देतात. जिचा नवरा त्यांना पाच वर्षांपासून माहीत होता, तिला त्या पहिल्यांदाच बघत असतात. हा गुन्हा आहे, चलाखी नव्हे, आणि त्याला शाल पांघरणाऱ्यांनी निदान त्या बाईला तोंड दाखवू नये.

त्याच तालुक्यात खऱ्याखुऱ्या एजंट बायकाही आहेत. स्कूटीवरून उन्हात फिरतात, हप्ता चुकू नये म्हणून फोन करतात, दाव्याच्या वेळी शाखेत स्वतः भांडतात. गिऱ्हाईक त्यांना पहिलाच प्रश्न विचारतं, ‘पहिल्या हप्त्यावरच्या कमिशनमधलं किती परत देणार? भाऊसाहेब निम्मं देतात.’ कलम ४१ त्यांनाही पाठ आहे. त्या नाही म्हणतात आणि गिऱ्हाईक उठून कचेरीची वाट धरतं. त्यांच्या ड्रॉवरमध्ये कुणाचा दाखला अडकलेला नसतो.

आता भाऊसाहेबांची बदली झाली आहे. इकडच्या पॉलिसींचं काय होणार हे कुणी विचारलेलं नाही. नव्या तालुक्यात नवी माणसं दाखल्याला येणार आहेत. वहिनींनी यंदा सह्या करायला नकार दिला, गोपनीय अहवाल वाचल्याशिवाय करणार नाही म्हणाल्या. घरात चार दिवस अबोला होता. पण मार्ग निघाला. चिरंजीवांना नुकतीच अठरा पूर्ण झाली, दहावी तर केव्हाच पास आहेत. फॉर्म आय-ए भरून तयार आहे, फोटो चिकटवायचा राहिला आहे. आणि सोळाव्या नियमाने तिकडेही लक्ष ठेवलेलंच आहे: स्पष्टीकरणात ‘पत्नी’च्या लगेच पुढे कुटुंबातल्या इतर कोणत्याही सदस्याचा उल्लेख आहे.